सलाइन संपायच्या आधी पोहोच

वॉर्डात नवीन आहेस म्हणून सांगते. पेशंटची तक्रार बहुतेकदा औषधाची नसते, ताटकळत ठेवल्याची असते. आमच्याकडे सलाइन संपत आली की नातेवाईक धावत यायचे. मग आठवडाभर वहीत फक्त वेळा लिहिल्या: हाक कधी आली, खाटेपाशी कधी पोहोचलो. जास्त उशीर ड्यूटी बदलताना होत होता! हँडओव्हर (पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं) टेबलावरून खाटेपाशी नेला आणि पुन्हा आठवडाभर मोजलं. पीडीएसए (प्लॅन, डू, स्टडी, ॲक्ट: ठरव, करून बघ, तपास, मग पुढचं पाऊल उचल) म्हणतात ते हेच. एका वेळी एकच बदल कर, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

डिस्चार्जला ‘कळलं ना?’ विचारू नकोस. आजी मान हलवतात आणि गुहागरची एसटी पकडतात. ‘घरी गोळ्या कशा घेणार, मला सांगा,’ असं म्हण. एक आजी रात्रीची गोळीसुद्धा सकाळच्या पेजेबरोबरच घेणार होत्या. मी विचारलं नसतं तर?

राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या तपासणीत रुग्ण समाधानाचे फॉर्म बघतात. ते आदल्या रात्री भरायचे नसतात गं. दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरला वाचून भरून घ्यायला सांग. सेवा करणारीच्या तोंडावर कोणी वाईट बोलत नाही.