नॉमिनी बदलले, मृत्युपत्र मात्र जुनेच

प्रश्न : माझे वय ६४. २०१४ मध्ये मृत्युपत्र केले: राहता फ्लॅट मुलीला, म्युच्युअल फंड मुलाला, उरलेले सगळे पत्नीला. २०२१ मध्ये तो फ्लॅट विकून मोठा घेतला. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. बँकेत आणि फंडांत तिच्या जागी मुलाला नॉमिनी केले आहे. त्याचे लग्न झाले की मृत्युपत्र एकदाच नव्याने करीन म्हणतो. थांबले तर चालेल ना?

उत्तर : नाही, थांबू नका. तुमचे जुने मृत्युपत्र आज अमलात आणायची वेळ आली तर काय होईल, ते पाहा.

मुलीला दिलेला फ्लॅट आता तुमचा नाही. मृत्युपत्रात नेमकी लिहिलेली मिळकत विकली गेली, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार ते देणेच संपते. त्या पैशांतून घेतलेला नवा फ्लॅट आपोआप मुलीचा होत नाही. तो ‘उरलेले सगळे’ यात जातो. ते मिळायचे होते पत्नीला, आणि त्या तुमच्याआधी गेल्या. म्हणजे हाही भाग निकामी झाला. आता फ्लॅट आणि ठेवींची वाटणी मृत्युपत्र नसल्यासारखीच होईल. हिंदू वारसा कायदा तुम्हाला लागू आहे असे धरले, तर मुलगा आणि मुलगी सारखे वाटेकरी. तुमच्या आई हयात असतील तर तिसरा सारखा वाटा त्यांचा. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. फंड मात्र पूर्ण मुलाचे. २०१४ मध्ये फ्लॅट एकीला आणि फंड दुसऱ्याला, असा जो तोल तुम्ही विचारपूर्वक साधला होता, तो ढासळला आहे आणि तोटा मुलीचा झाला आहे.

नॉमिनी बदललेत हे बरे केलेत, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, तेवढ्याने मालक होत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. तरीही सगळे पैसे आधी भावाच्या खात्यात येणार आणि आपला वाटा बहिणीला मागावा लागणार. भावंडांमधला अबोला इथूनच सुरू झालेला मी पाहिला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना टक्केवारीसह चार नॉमिनी देता येतात. दोघांचीही नावे घाला. विमा पॉलिसी असेल तर जास्त जपा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर मुले, आई-वडील किंवा जोडीदार नॉमिनी असल्यास रक्कम त्यांचीच, असे कलम आले आहे आणि त्यावर न्यायालयांत वादही झाले आहेत. तिथले नाव मृत्युपत्राशी जुळलेच पाहिजे.

मुलाच्या लग्नाची वाट कशासाठी? मृत्युपत्र हवे तितक्यांदा बदलता येते, शेवटचे ग्राह्य धरतात. सुनेसाठी काही ठेवावेसे वाटले तर तेव्हा पुरवणी जोडा. आत्ता मात्र पुरवणीवर भागवू नका, कारण मूळ मजकुरातल्या तीनपैकी दोन तरतुदी उरलेल्याच नाहीत.

नव्या मृत्युपत्रात आधीचे रद्द केल्याचे लिहा. फ्लॅटचा पत्ता घालण्याऐवजी ‘माझ्या मृत्यूसमयी माझ्या मालकीचे जे राहते घर असेल ते’ अशी शब्दरचना वकिलांकडून करून घ्या, म्हणजे पुन्हा घर बदलले तरी मुलीचा हक्क शाबूत राहील. प्रत्येक देण्यापुढे ‘ती व्यक्ती हयात नसल्यास कोणाला’ हे हवेच. ‘उरलेले सगळे’ एकाच माणसावर सोडू नका. व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारी व्यक्ती, तुमच्यापेक्षा तरुण निवडा आणि त्याला पर्यायही द्या. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी ती करायलाच सांगेन.

मूळ प्रत कुठे आहे हे दोन्ही मुलांना सांगा. ती लॉकरमध्ये ठेवणार असाल, तर लॉकर अजून पत्नीसोबतच जोडनावावर आहे का, हे आधी तपासा.