न्यॉर्डलिंगेनचा तट पायी पाहताना
जर्मनीतील तटबंदीची गावे आपण प्रथमच पाहणार असाल, तर गर्दीच्या रोथेनबुर्गइतकाच वेळ बव्हेरियातील न्यॉर्डलिंगेनसाठी राखून ठेवावा. तेथील मध्ययुगीन तटावरच्या, बहुतांशी छप्पर असलेल्या वाटेने संपूर्ण गावाला प्रदक्षिणा घालता येते; अंतर जेमतेम २.७ किलोमीटर असले, तरी पाचही वेशींपाशी थांबावे. त्यानंतर सेंट जॉर्ज चर्चचा ९० मीटर उंच ‘डॅनियल’ मनोरा चढावा (पायऱ्या ३५० आहेत, गुडघ्यांचा विचार आधीच करावा). वरून दिसणारे टेकड्यांचे कडे म्हणजे सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेल्या विवराची कड असून, त्या आघातातून घडलेला सुएव्हाइट खडकच या चर्चच्या बांधकामात वापरलेला आहे. मुक्काम केल्यास रात्री दहानंतर मनोऱ्यावरील पहारेकऱ्याची हाक अवश्य ऐकावी.