डिजिटल मार्केटिंगमुळे किराणा घेणाऱ्यांचा निर्णय खरंच बदलतो का? (कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवंय)

बदलतो. पण जाहिरात बघितली आणि गिऱ्हाइकानं दुकान बदललं, असं तुमच्या पुस्तकात असेल तर खोडा. आधी बदलते ती नजर. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं किराण्याचं दुकान आहे, गुळाचंच सांगतो.

पूर्वी लोकांना ढेप पिवळीधमक लागायची. जरा काळपट दिसली की "मागल्या सालचा काय हो?" म्हणून बाजूला सारायचे. मग रील फिरायला लागली: पिवळा म्हणजे केमिकल, काळा म्हणजे सेंद्रिय. आता त्याच घरातली सून फोन पुढे धरते, "काका, असा चॉकलेटी द्या." हायड्रॉस नावाचं केमिकल टाकून गूळ उजळ करतात, हे खोटं नाही. पण रंग उसाच्या जातीवर, जमिनीवर आणि काहिलीतली, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतली, मळी किती निगुतीनं काढली यावरही असतो. भेंडीचं पाणी घालून नीट मळी काढलेला गूळ सोनेरी उतरतो. उलट काहिलीत जरा जास्त शिजला की काळा पडतो, आणि तोच चकचकीत पाकिटात 'सेंद्रिय' म्हणून चढ्या भावानं खपतो.

माझा मेव्हणा पुण्यात हेच मार्केटिंगचं काम करतो. त्यानं हौसेनं आमच्या दुकानाचं पेज काढलं. पहिली रील काय, तर 'पिवळा गूळ म्हणजे विष'. आणि मागं फळीवर आमच्याच पिवळ्या ढेपा! मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ. तर म्हणतो, "दाजी, लोकांना जे ऐकायचंय तेच विकतं." भाऊबीजेचं वाढलेलं ताट तसंच राहिलं, बायको अजून ऐकवते. अरे, ज्या गुळाला 2014 साली कोल्हापूरच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, त्यालाच कोल्हापुरात बसून विष म्हणायचं?

ॲपवाल्यांचा परिणाम वेगळा. फुकट डिलिव्हरीला थोडे पैसे कमी पडतात म्हणून नको असलेली बिस्किटं घेतली जातात. छापील किंमत खोडून खाली बारका आकडा दाखवला की स्वस्त वाटतं, किलोचा भाव कोण काढत बसतंय! न विचारता यादीत वस्तू घुसवणं, 'शेवटची दोनच उरलीत' असली खोटी घाई, यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर 2023 मध्ये नियमावली काढली, त्यात 13 प्रकार नावानिशी दिलेत. ती वाचा, तुमचं निम्मं काम होईल.

उन्हाळ्यात चटणीसाठी मिरची घ्यायला येणारी बाई मात्र अजून बेडगी हातात मोडून वास घेते. तिच्यापुढं कुठलंच पेज चालत नाही. मेव्हण्याला एकदा त्या सीझनला गल्ल्यावर बसवायचा आहे.

हां, माझं गिऱ्हाईक पिढीजात ओळखीचं, तेव्हा हे सगळं त्या हिशेबानं घ्या. राजारामपुरीत खोली करून राहणाऱ्या पोरांना रात्री अकराला ब्रेड लागतो आणि मी नऊला शटर ओढतो. त्यांचं त्यांनाच विचारा.