कथा मोकळी झाली, अनुवाद नाही

प्रश्न : आम्ही सोलापुरातल्या चार मित्रांनी अमेरिकन भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ या कथेवर मराठी फिल्म केली. उल्का पडते, विहिरीचं पाणी नासतं, शेत आणि घर उजाड होतं. हे सगळं आम्ही उजनीच्या बॅकवॉटरजवळच्या वस्तीवर आणलं. निवेदन मात्र एका जुन्या मराठी अनुवादातून जसंच्या तसं घेतलं. अनुवादक २००९ मध्ये वारले. आता पुण्याच्या प्रकाशकाची नोटीस आली आहे : यूट्यूबवरून फिल्म काढा, पंधरा दिवसांत पाच लाख भरा, नाहीतर फौजदारी. लेखक जाऊन इतकी वर्षं झाली, मग हक्क कसला?

उत्तर : मूळ कथेपुरतं तुमचं बरोबर आहे. लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं धरली तरी भारतातला हक्क १९९७ अखेर संपला. कथा १९२७ मध्ये छापली गेली, त्यामुळे अमेरिकेतही २०२२ नंतर अडसर नाही. कथेसाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

अनुवाद मात्र कायद्याच्या दृष्टीने वेगळी साहित्यकृती आहे. अनुवादक २००९ मध्ये वारले, म्हणून साठ वर्षांच्या त्याच हिशोबाने या अनुवादावरचा हक्क २०६९ अखेरपर्यंत राहील.

तुम्ही नेमके इथेच का अडकलात, ते मला समजतं. त्या कथेतला रंग माणसाने कधी पाहिलेल्या कुठल्याच रंगासारखा नाही. संवाद जवळजवळ नाहीत. म्हातारा शेजारी सांगतो आणि निवेदक आपल्याला ऐकवतो. कॅमेऱ्याला जे दाखवता येत नाही ते शब्दांवर सोपवावं लागतं, आणि तुमच्या फिल्ममध्ये ते शब्द अनुवादकाचे आहेत. भीती ज्या वाक्यांनी उभी राहिली, नेमकी तीच परकी आहेत.

बाकीची फिल्म तुमची आहे. कल्पना, विषय, कथानक यांवर हक्क नसतो, हक्क मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं. मूळ कथेत नव्या जलाशयाची मोजणी करायला आलेला सर्व्हेअर आहे. त्याला तुम्ही उजनीच्या धरणाशी जोडलंत, हे मला मनापासून आवडलं. ते कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

फौजदारीची धमकी हलक्यात घेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. पुस्तक समोर ठेवून निवेदन घेतलंत, तेव्हा ‘नकळत झालं’ हा बचाव टिकणं कठीण. शिवाय कलम ६२ मुळे प्रकाशक पुण्यात दावा लावू शकतो आणि तारखांना तुम्हाला तिकडे जावं लागेल.

तरी पाच लाख लगेच देऊ नका. आधी विचारा, प्रकाशकाकडे नेमका कोणता हक्क आहे? हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. करार मे १९९५ नंतरचा असेल आणि त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षंच धरतात; त्याआधीच्या कराराला हा नियम लागू नाही. जुने करार बहुधा पुस्तक छापण्यापुरतेच असतात. फिल्म करण्याचा हक्क अनुवादकाकडेच राहिला असेल, तर तो आज त्यांच्या वारसांकडे आहे. बोलणी त्यांच्याशी करा आणि परवानगी लेखी घ्या. श्रेयनामावलीत अनुवादकाचं नाव तर तुम्ही पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं.

आज फिल्म प्रायव्हेट करा. प्रकाशकाला फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर काहीही कबूल करू नका. परवानगी मिळेना, तर निवेदन नव्याने लिहा, पण अनुवादातले शब्द इकडेतिकडे करून नव्हे. ती नक्कलच ठरते. पुस्तक बाजूला ठेवा, मूळ इंग्रजी घ्या आणि उजनीकाठचा म्हातारा जसं सांगेल तसं लिहा. प्रत्येक खर्ड्यावर तारीख टाका. कोर्टात तोच पुरावा.

नोटीस, तिचा लिफाफा आणि अनुवादाचं हक्कांची नोंद असलेलं पान घेऊन पंधरा दिवसांच्या आत सोलापुरातल्या वकिलाला भेटा. उत्तर त्यांच्याच सहीने जाऊ द्या.