डबा, झाकण आणि क्लिप एकाच साच्यात?

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणासाठी एबीएस या कडक प्लास्टिकचा डबा काढायचा आहे. डबा ११० × ८० मिमी, ३५ मिमी खोल, भिंत २.२ मिमी. झाकण त्याच मापाचं, ८ मिमी उंच, २ मिमी जाड. बंद करायला ३० × १२ मिमीच्या दोन क्लिपा, जाडी ३ मिमी. साचा बनवणारे म्हणतात, सगळं एका फॅमिली मोल्डमध्ये, म्हणजे वेगवेगळे भाग एकत्र काढणाऱ्या साच्यात घ्या, एका शॉटला (साचा एकदा भरला की) एक सेट पडेल. आमचं मशीन १०० टनी आहे. घ्यावा का?

उत्तर : डबा आणि झाकण एका साच्यात जरूर घ्या. क्लिपा मात्र त्यात घेऊ नका.

तुम्ही मापं व्यवस्थित कळवलीत म्हणून इतकं स्पष्ट सांगता येतंय. मापांवरून वजनं काढली तर डबा साधारण ५१ ग्रॅम, झाकण २५ ग्रॅम आणि क्लिप जेमतेम १ ग्रॅम भरते. डबा आणि झाकण यांच्यातला फरक दुपटीचा आहे, तो रनरच्या, म्हणजे साच्यातल्या प्लास्टिक वाहून नेणाऱ्या वाटांच्या, मापांनी सांभाळता येतो. डबा आणि क्लिप यांच्यातला फरक पन्नास पटींचा आहे. क्लिप डोळ्याचं पातं लवायच्या आत भरते, डबा मात्र तेव्हा निम्माही झालेला नसतो. पुढचा सगळा वेळ त्या एवढ्याशा क्लिपवर दाब येत राहतो. मग तिच्या कडेला फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेला पातळ पापुद्रा) येतो, ती कॅव्हिटीत, म्हणजे साच्यातल्या तिच्या पोकळीत, चिकटून बसते किंवा तिला बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनने पांढरी पडते. तिच्यासाठी इंजेक्शनचा वेग कमी केलात तर डबा शॉर्ट, म्हणजे अर्धवट भरलेला, येतो.

दुसरं कारण थंड होण्याचं. भाग थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डब्याच्या २.२ मिमी भिंतीला १२ सेकंद पुरत असतील, तर ३ मिमीच्या क्लिपला सुमारे २२ लागतील. सेटमधला सगळ्यात हलका भाग तुमचा सायकल टाइम (एका शॉटचा एकूण वेळ) ठरवणार आणि डबा-झाकण प्रत्येक शॉटला उगाच दहा सेकंद साच्यात बसून राहणार. शिवाय क्लिप पुन्हापुन्हा वाकणार. त्या कामाला एबीएसपेक्षा अ‍ॅसिटल हे लवचीक प्लास्टिक चांगलं, आणि ते वापरायचं तर साचा वेगळाच हवा. आठ कॅव्हिटींचा लहान साचा करा, एका शॉटला चार सेटांच्या क्लिपा मिळतील.

आता डबा-झाकणाच्या जोडीकडे वळू, कारण ही जोडी फॅमिली मोल्डला फार छान आहे. वजनात दुपटीचा फरक असला तरी दोघांचं प्रक्षेपित क्षेत्रफळ (साचा उघडण्याच्या दिशेने पाहिलं की दिसणारं) सारखंच, प्रत्येकी ८८ चौ. सेंमी. झाकण डब्याच्या तोंडावर बसायचं असतं, त्यामुळे हे आपोआप होतं. स्प्रूच्या, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरण्याच्या मुख्य वाटेच्या, एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला समोरासमोर झाकण ठेवलं की साचा उघडू पाहणारा जोर दोन्हीकडे जवळपास सारखा पडतो. एका बाजूला मोठा आणि दुसरीकडे बारका भाग असला की साच्याची प्लेट एका अंगाला उचलली जाते आणि फक्त त्याच बाजूला फ्लॅश येतो. टनेज (मशीनचा साचा बंद धरणारा जोर) कितीही वाढवलं तरी तो जात नाही. हे दुखणं तुम्हाला होणार नाही.

टनेजही बसतं. दोन्ही भागांचं १७६ आणि रनरचं १५ धरून १९१ चौ. सेंमी होतात. या जाडीच्या एबीएसला चौ. सेंमीला ०.४ टन धरला तर ७६ टन, त्यावर १५ टक्के राखीव ठेवले तर ८८. तुमच्या १०० टनी मशीनवर हे चालेल. टाय-बारमधल्या (मशीनच्या दांड्यांमधल्या) अंतरात साचा मावतो का आणि ३५ मिमी खोल डबा सुटून खाली पडायला ओपनिंग स्ट्रोक (साचा उघडण्याचं अंतर) पुरतो का, एवढं मात्र साच्याचं ड्रॉइंग पक्कं करण्याआधी मोजून घ्या.

खरी मेहनत रनरवर आहे. दोन्हीकडे एकाच मापाचा रनर दिलात तर झाकण आधी भरेल. मग सगळं प्लास्टिक एकदम डब्याकडे वळेल, तिथला वेग वाढेल आणि झाकणात दाब साठत राहील. जास्त दाबून भरलेला भाग कमी आकसतो. एबीएसचं आकसणं ०.४ ते ०.७ टक्के, म्हणजे ११० मिमीवर ०.४४ ते ०.७७ मिमी. झाकण या पट्ट्याच्या एका टोकाला आणि डबा दुसऱ्या टोकाला गेला, तर दोन्ही भाग एकाच शॉटमधून पडूनही नीट बसणार नाहीत. हाच डबा पीपीत (पॉलिप्रॉपिलीनमध्ये) असता तर ही दरी आणखी रुंद झाली असती, कारण पीपी १ ते २.५ टक्के आकसतं.

म्हणून झाकणाचा रनर मुद्दाम बारीक ठेवायचा. डब्याला ६ मिमी आणि झाकणाला ४.५ मिमी व्यासापासून सुरुवात करा. दोन्ही मापं थोडी लहानच धरा. साच्याचं पोलाद काढणं सोपं असतं, परत भरायचं तर वेल्डिंग करावं लागतं. व्यासात पाव मिमीचा फरकही भरण्याच्या वेळेत स्पष्ट दिसतो, त्यामुळे एका वेळी त्याहून जास्त उघडू नका.

तपासायची पद्धत अशी. ट्रायलच्या दिवशी होल्डिंग प्रेशर (भरून झाल्यावर धरून ठेवलेला दाब) शून्यावर आणा आणि शॉट जवळजवळ पूर्ण भरेल इतका ठेवा. तिथून शॉट साइझ, म्हणजे एका शॉटमधलं प्लास्टिक, थोडी थोडी कमी करत प्रत्येक शॉट रनरसकट टेबलावर ओळीने मांडा. अर्धवट भाग कोअरवर (साच्यातल्या उंचवट्यावर) अडकू शकतात, तेव्हा रिलीज स्प्रे हाताशी असू द्या. आता ओळीत पाहा. झाकणाचे चारही कोपरे धारदार भरलेत आणि डब्याच्या शेवटच्या कडेला मात्र गोलसर, चकचकीत ओठ राहिलाय, तर झाकण अजून पुढे आहे. दोघांनाही एकाच शॉटमध्ये असा ओठ दिसायला लागला की रनर जमला. हे शॉट टाकून देऊ नका. तारीख, वेग आणि तापमान लिहून साच्याच्या पेटीत ठेवा. हा समतोल त्या वेगाला आणि त्या ग्रेडच्या प्लास्टिकच्या दाण्यालाच लागू असतो. दाणा बदलला की ही चाचणी पुन्हा करायची. ती टाळून नुसतं होल्डिंग वाढवत बसलेले कारखाने मी पाहिलेत, आणि चांगले साचे त्यात फुकट झिजतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रंगाचा फायदा तुम्ही विचारला नाहीत, पण तो मोठा आहे. डबा आणि झाकण मशीनच्या एकाच बॅरलमधून, एकाच मास्टरबॅचमधून (रंगाच्या दाण्यांमधून), एकाच क्षणी येतात. शेजारी शेजारी दिसणाऱ्या भागांसाठी मी फॅमिली मोल्डकडे झुकते ते मुख्यतः यासाठी.

प्रश्न : आमच्या फॅमिली मोल्डमध्ये झाकणावर ओरखडे येऊन ५ टक्के रिजेक्शन होतं, डब्याचं २ टक्केच. डबे साठत चाललेत. एक कॅव्हिटी बंद करून नुसती झाकणं काढता येतील का?

उत्तर : १०,००० शॉटला ९,५०० झाकणं आणि ९,८०० डबे, म्हणजे ३०० डबे शिल्लक. फॅमिली मोल्डचा हिशोब असाच असतो. जास्त रिजेक्ट होणारा भाग सगळ्या सेटांची संख्या ठरवतो.

रनरमध्ये फिरवता येणारा इन्सर्ट (वाट अडवणारा तुकडा) बसवून कॅव्हिटी बंद करता येते. चार-सहा कॅव्हिटींच्या साच्यात, समोरासमोरच्या कॅव्हिटी जोडीने बंद होणार असतील, तर मी तो सुचवते. दोनच कॅव्हिटी असतील तर नाही, कारण मग सगळा जोर एकाच बाजूला पडतो. शॉट साइझ, वेग, होल्डिंग, सगळं नव्याने बसवावं लागतं ते वेगळंच.

ओरखडे भरताना येत नाहीत. ते बहुधा पडताना येतात, जेव्हा डब्याची कड झाकणावर आपटते. दोन भागांसाठी वेगळ्या घसरगुंड्या आणि वेगळे क्रेट करा, मध्ये आडवी पट्टी लावा. भाग वेगळे निवडण्याचं कामही त्यातच होऊन जाईल. ओरखडे एकाच दिशेचे, सरळ रेषेत असतील तर मात्र कॅव्हिटीचा ड्राफ्ट (भिंतींचा उतार) आणि पॉलिश तपासा.

प्रश्न : डबा कडक प्लास्टिकचा आणि त्याचं गॅस्केट मऊ रबरी प्लास्टिकचं, दोन्ही एका फॅमिली मोल्डमध्ये निघतील का?

उत्तर : नाही. फॅमिली मोल्डला एका बॅरलमधून एकच माल मिळतो. दोन मालांसाठी दोन इंजेक्शन युनिटांचं मशीन लागतं, किंवा डबा आधी काढून दुसऱ्या साच्यात त्यावर गॅस्केट ओतावं लागतं. गॅस्केट सुटं बसवणार असाल तर त्याचा स्वतंत्र साचा करा आणि डब्याच्या खाचेचं माप पहिल्या ट्रायलनंतर, प्रत्यक्ष भाग २४ तास ठेवून, मगच गॅस्केटच्या ड्रॉइंगवर टाका.