पंप वेळेआधीच का सुरू होतो?

प्रश्न: मी यावल तालुक्यातला, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या केळीच्या बागेतल्या टाकीचं गणित पायथॉनमध्ये मांडलं. पाणी 1 मीटरवर उतरलं की पंप सुरू, 3 मीटरला बंद. आलेखात मात्र पंप कधीकधी 1.3 मीटरलाच सुरू झालेला दिसतो. फंक्शन सोबत पाठवलं आहे. समीकरण चुकलं का?

उत्तर: भाऊ, विद्यार्थी आहेस म्हणून अरेतुरे करतो. समीकरण बरोबर आहे. घोळ आहे तो 'पंप चालू' या खुणेचा, म्हणजे पंप चालू की बंद हे लक्षात ठेवणाऱ्या चलाचा. ती तू फंक्शनच्या आतच बदलतोस. आरके-45 (समीकरण वेळेच्या पायऱ्या टाकत सोडवणारी पद्धत, म्हणजे सॉल्व्हर) एक पायरी टाकण्यासाठी फंक्शनला सहा वेळा विचारतं, आणि ते नुसतं चाचपणं असतं. चूक जास्त वाटली तर पायरी रद्द करून छोटी टाकतं. पायरी रद्द झाली, तुझी खूण मात्र बदललेलीच राहिली! पाणी 1.3 वर असताना पुढे चाचपताना 0.9 दिसलं, की झाला पंप सुरू. माझ्या मळ्यातला फ्लोट असा वागता तर मी तो विहिरीत फेकला असता.

ती खूण काढून टाक. सॉल्व्ह-आयव्हीपीला (पायथॉनच्या सायपाय संचातलं समीकरण सोडवणारं फंक्शन) घटनेचं, म्हणजे पाणी 1 मीटरला टेकण्याचं, वेगळं फंक्शन दे: पातळी वजा 1. पायरीच्या दोन टोकांना त्याचं चिन्ह वेगळं आलं, की सायपाय मधला शून्याचा क्षण शोधतं. टर्मिनल 'ट्रू' ठेव, म्हणजे तिथेच थांबेल. डायरेक्शन उणे 1, म्हणजे पाणी उतरतानाच धरेल. मग त्याच पातळीपासून, पंप चालू धरून, नव्याने सोडव. 3 मीटरला डायरेक्शन अधिक 1.

थ्री-फेज विजेचं वेगळं. ती कधी येणार हे आधीच ठाऊक, मग शोधायचं काय? रात्री 10 ला येत असेल तर 10 पर्यंत सोडव, तिथून पुन्हा सुरू कर. नाहीतर पाणी स्थिर असताना सॉल्व्हर लांब ढांगा टाकतो आणि अर्ध्या तासाची वीज ओलांडून जातो. घटनेचंही तसंच: एकाच पायरीत चिन्ह दोनदा बदललं तर टोकांना काहीच कळत नाही. तिथे मॅक्स-स्टेप, म्हणजे पायरीची कमाल लांबी, लहान ठेव.

वीज नसताना टाकी रिकामी होईल, तेव्हा समीकरणातल्या वर्गमुळाकडे लक्ष दे; पाणी बाहेर पडण्याचा वेग पातळीच्या वर्गमुळावर ठरतो. घटना सापडण्याआधी सॉल्व्हर शून्याच्या खाली डोकावतोच, आणि उणे संख्येचं वर्गमूळ काढायला गेला की 'नॅन' (म्हणजे 'ही संख्याच नाही') येतं किंवा तो चूक दाखवून थांबतो. वर्गमुळात पातळी आणि 0 यांतलं मोठं ते घे.

चालू-बंदच्या पातळ्यांत अंतर ठेवलंस हे बरं केलंस. दोन्ही एकच ठेवल्या तर संगणक तिथेच अडखळत बसतो. मळ्यात स्टार्टर जळतो.