तारण एकदाच झालं, तर रोज पश्चात्ताप कशासाठी आणि नेमका कसा करायचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ख्रिस्तावर विश्वास ठेवला तेव्हाच पापांची क्षमा झाली, म्हणजेच तारण झालं, मग रोज पश्चात्ताप करणं म्हणजे त्या क्षमेवर शंका घेणं नाही का? आणि रोज रात्री "प्रभू, माझी पापं क्षमा कर" म्हणूनही आयुष्यात फरक पडत नाही, तर चुकतं कुठे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुताना येशूनेच आपला शिष्य पेत्र याला दिलंय. ज्याचं स्नान झालं आहे त्याला पाय धुण्यापलीकडे गरज नाही (योहान 13:10). स्नान एकदा झालं, ते झालंच. पण चालणाऱ्याचे पाय रोज मळतात. रोजच्या पश्चात्तापाने आपण देवाची लेकरं होत नाही, लेकरं आहोत म्हणून बापाकडे तोंड वळवतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर आणि ऋणांची, म्हणजे पापांची, सूट या दोन मागण्या एकापाठोपाठ येतात. धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1517 साली मांडलेल्या 95 प्रबंधांतला (मुद्द्यांतला) पहिलाच प्रबंध सांगतो की, विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी ख्रिस्ताची इच्छा आहे. त्यामुळे शंका अजिबात बाळगू नका.

आता दुसरा प्रश्न. खरी अडचण तिथेच आहे. "माझी पापं क्षमा कर" यात एकाही पापाचं नाव नाही. ठोक कबुलीत माणूस कुठेच सापडत नाही, म्हणून तो तसाच सुटतो. नाव घेऊन कबुली द्यायची म्हणजे अशी: "आज बैठकीत मी म्हणालो की फाइल सहकाऱ्याकडे अडकली आहे. ती माझ्याच टेबलावर होती." बस, एवढंच. "कामाचा ताण होता", "तोही असंच करतो" हे जोडलं की कबुलीची वकिली होते. त्यानंतर एकच प्रश्न स्वतःला विचारा: त्या क्षणी मला काय हवं होतं? साहेबांच्या नजरेत चांगलं दिसायचं होतं. म्हणजे खोटं हा फांदीचा भाग, मूळ आहे माणसांच्या मताची भीती. नुसती फांदी छाटली तर आठवड्याभरात दुसरी फुटते. रोज तेच पाप कबूल करावं लागण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि इथेच थांबतात. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. "पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा" हे मार्क 1:15 मधलं एकच वाक्य आहे, ते मधोमध तोडता येत नाही. येशूला पैशासाठी धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्यालाही पस्तावा झाला होता. त्याने मिळालेली चांदीची तीस नाणी परत नेऊन दिली आणि "मी पाप केलं" असंही म्हटलं. पण तो येशूकडे गेला नाही. पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं होतं, पण तो मोठ्या दुःखाने रडला आणि नंतर किनाऱ्यावर येशू दिसताच त्याने पाण्यात उडी घेतली. दुःख दोघांनाही झालं, वळण एकालाच मिळालं. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना हाच फरक करतो: देवाला अनुसरून झालेलं दुःख तारणाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे.

म्हणून कबुलीनंतर लगेच विश्वासाचा भाग यायला हवा, आणि तोही ठोक नको. त्या मुळाला उत्तर देणारं वचन घ्या. माणसांच्या मताची भीती असेल तर रोमकरांस पत्र 8:1 घ्या: ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. मग मोठ्याने म्हणा, "प्रभू, तुझा निकाल लागलेला आहे, म्हणून साहेबांच्या निकालावर माझा जीव टांगलेला नाही." क्षमा मागून झाली की क्षमेबद्दल आभार माना, पुन्हा मागत बसू नका. पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, असं योहानाचं पहिलं पत्र (1:9) सांगतं. क्षमा मिळाल्यासारखं वाटलं पाहिजे, अशी अट त्यात नाही.

मग कृती. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगायचं, "फाइल माझ्याकडे होती, मी चुकीचं सांगितलं," आणि सहकाऱ्याची वेगळी माफी मागायची. "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर" असं नव्हे. "तर" आला की दोष समोरच्याच्या मनावर जातो. पैशाचा मामला असेल तर नुसत्या माफीने भागत नाही. जुन्या करारातल्या लेवीय 6 मध्ये मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा परत करायला सांगितलंय, आणि येशूला भेटल्यावर जक्कय या श्रीमंत जकातदाराने तर चौपट देऊ केलं. हे क्षमेचं मोल नव्हे, फळ आहे. मात्र, मनात कुणाबद्दल वाईट विचार आला आणि त्याला ठाऊकच नसेल, तर त्याला जाऊन सांगू नका. ते देवाजवळच ठेवा, नाहीतर आपलं मन हलकं करायला त्याच्या मनावर ओझं टाकल्यासारखं होतं.

वेळ किती लावायचा? दहा-पंधरा मिनिटं पुरे, तेही अंथरुणावर पडण्याआधी, कारण पडल्यावर डोळे मिटतात. कॅथलिक संत इग्नाती लोयोला यांनी दिवसाच्या आढाव्याला जो क्रम लावून दिला, तो कॅथलिक नसलेल्यांनीही घ्यावा असा आहे: आधी आभार, मग आपलं पाप दिसावं म्हणून कृपेची मागणी, मग दिवसावर नजर, मग क्षमा, आणि शेवटी उद्यासाठी निश्चय. आभार पहिल्यांदा येतात याला फार महत्त्व आहे. ज्याचं प्रेम आठवतं त्याच्यासमोरच माणूस खरं बोलतो. एका रात्री एक, फार तर दोन पापं घ्या. शब्द सुचत नसतील तर पश्चात्तापाची म्हणून मानलेली सात स्तोत्रं आहेत: 6, 32, 38, 51, 102, 130, 143. वाराला एक. अगदी थकलेल्या दिवशी येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या जकातदाराची "हे देवा, मज पापी माणसावर दया कर" ही एक ओळही चालते.

तेच पाप महिनोन्‌महिने परतत असेल तर एकट्याने लढू नका. आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा, असं याकोब (5:16) सांगतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळींत त्यासाठी धर्मगुरूंजवळ पापकबुलीचा संस्कार आहे. इतरांनी पाळक किंवा एखादी पोक्त, तोंडाची घट्ट असलेली व्यक्ती निवडावी, शक्यतो पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री. पापासोबत त्याची वेळ आणि जागाही सांगा. रात्री एकटं असताना हातात फोन असला की तोल जातो, हे कळलं तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हा पश्चात्तापाचाच भाग झाला.

एक सावधगिरी. काहींना क्षमा मागूनही चैन पडत नाही. तीच कबुली दहादा होते, "नीट मागितली का?" ही शंका संपत नाही, झोप उडते. पवित्र आत्मा दोष दाखवतो तेव्हा नेमकी गोष्ट दाखवतो आणि ख्रिस्ताकडे नेतो. "तू मुळातच वाया गेलेला" असा धूसर आरोप त्याचा नसतो. असा त्रास असेल तर आत्मपरीक्षण वाढवू नका, कमी करा. एक कबुली, एक वचन, आणि पुस्तक मिटा. तरीही विचारांचं चक्र थांबत नसेल तर पाळकांना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. तो आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत, आणि ते घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे.